नर्तकांची सावड

नृत्याविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रंगमंच उभा राहतो. दिव्यांचा प्रकाश, रंगीत वेष, वाद्यांचा मेळ आणि अखेरीस टाळ्यांचा कडकडाट! परंतु कोणत्याही नर्तकाच्या आयुष्याचा नीट हिशेब मांडला, तर रंगमंचावर गेलेले तास फारच थोडे निघतील. बाकीचे सारे आयुष्य एखाद्या उघड्याबोडक्या खोलीत, घामाने भिजलेल्या कपड्यांत, तेच ते पाऊल शंभर वेळा टाकण्यात गेलेले आढळेल. आजचे माझे भाषण त्या खोलीविषयी आहे. ती खोली कोणाची असावी, तिचे भाडे कोणी भरावे, तिच्यात कोणी कोणास शिकवावे, आणि भंडारा जिल्ह्यातील आसगावासारख्या गावाने या प्रश्नात लक्ष घालण्याचे कारण काय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते नर्तक कोण, हे पाहू. भरतनाट्यम् किंवा कथक शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे गुरू असतो, घराणे असते, शतकांच्या रियाजातून ठरलेला पाठ असतो. ज्याला आज समकालीन नृत्य म्हणतात, त्याला असा एकच ठरलेला पाठ नाही. त्यातील नर्तक आज कथकाचा पदन्यास घेतो, उद्या कलरिपयट्टूची झेप घेतो, परवा जमिनीवर लोळण घेऊन शरीराचा भार धरित्रीवर कसा सोडावा हे शिकतो. त्यातही जो कोणत्याही मंडळीच्या बांधील पगारावर नाही, जो काम मिळेल तसे करतो, तो स्वतंत्र व्यवसायी नर्तक होय. त्याला गुरुगृह नाही, कंपनी नाही, महिन्याचे वेतन नाही. गवयाचा तंबोरा खुंटीला टांगता येतो. नर्तकाचे वाद्य म्हणजे त्याचे शरीर, आणि ते वाद्य दररोज जुळविले नाही तर आठवड्याभरात बेसूर होऊ लागते. वेतन नसले तरी तालीम चुकत नाही, हीच त्याची खरी अडचण.

आता कोणी विचारील की, हा मुंबई-पुण्याचा प्रश्न झाला. पवनी तालुक्यातील, चौरास भागातील, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या आसगावाचा त्याच्याशी काय संबंध? माझ्या मते संबंध फार जवळचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा जो मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो, तो महाराष्ट्रातील स्वतंत्र व्यवसायी कलावंतांचा एक मोठाच मुलूख आहे. दिवाळी झाली, धान घरात आले, की या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या आसपास पावेतो चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र. तेथील मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. नट, गायक, वादक आणि नर्तक हंगामापुरते बांधून घेतात, आणि काही कलावंत नागपूर-मुंबईकडूनही आणतात. २०२३ साली या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्राच्या इतर भागांतील पुष्कळांना या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकू आले. ज्यांना शहरातील लोक आज इंग्रजी शब्दाने ‘फ्रीलान्सर’ म्हणतात, ते कलावंत झाडीपट्टीने केव्हाच पाहिले आहेत. त्यांना जेवू घातले आहे आणि पहाटे पुढच्या गावी रवानाही केले आहे.

याही पूर्वीची, आणि नृत्याला अधिक जवळची अशी परंपरा म्हणजे दंडार. दंडारीत शेतकरी हाच नट, शेतकरी हाच नर्तक, आणि स्त्रीभूमिकाही पुष्कळदा पुरुषच करीत आले. दिवसभर बांधीत राबलेला माणूस रात्री जेवण आटोपून तालमीस येई. तेथे कोणी फी घेत नसे. ज्याला पाऊल येई तो पाऊल दाखवी. ज्याचा गळा चांगला तो गाणे सांगे. ज्याला यांतील काहीच येत नसे, तो कंदील धरी आणि पाहतापाहता शिके. सामुदायिक शिक्षण या भारदस्त नावाने आज ज्याचा पुरस्कार होतो, त्याचे हे साधे रूप आपल्या गावांत होतेच.

येथे ‘तालीम’ या शब्दाकडे क्षणभर लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत येऊन त्याने दोन घरे केली. पहिलवान जेथे जोर-बैठका काढतो ती तालीम, आणि नटमंडळी जेथे नाटक बसवितात तीही तालीमच. व्यायाम, शिक्षण आणि प्रयोगाची सिद्धता या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात मावतात. समकालीन नर्तकाला नेमके हेच तिन्ही लागते, तेही एकाच छपराखाली. कुस्तीच्या तालमीत आणखी एक गुण आहे. तेथे कोणीही एकटा पहिलवान होऊ शकत नाही. त्याला जोड लागतो. अंगावर येणारा भार कसा घ्यावा, पडावे कसे, पडून उठावे कसे, हे आरशापुढे उभे राहून शिकता येत नाही. नृत्यातही तेच आहे. एका नर्तकाने दुसऱ्याला खांद्यावर पेलावयाचे, तर तो दुसरा समोर असावाच लागतो. एकट्याने केलेला सराव शरीर बळकट करील. परंतु तो दुसऱ्याच्या श्वासाचा अदमास घ्यावयास शिकविणार नाही.

आणखी एक शास्त्रीय कारण आहे. नर्तकांच्या दुखापती मुख्यतः घोटा, गुडघा आणि कंबर यांच्या असतात, आणि त्यांतील बऱ्याचशा एका अपघाताने होत नाहीत. एकच चुकीची हालचाल हजारदा केल्याने होतात. उडी मारून खाली येताना गुडघा आत वळतो आहे, हे स्वतःला दिसत नाही, शेजारच्याला दिसते. स्नायू तापण्यापूर्वीच मोठी उडी मारू नये, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरी एकट्याने सराव करणारा माणूस घाई करतो, आणि दहाजणांत असलेला माणूस शिस्त पाळतो. जमिनीचेही तसेच. नृत्यासाठी बांधलेल्या चांगल्या दालनात लाकडी फळ्यांखाली पोकळी ठेवलेली असते, त्यामुळे पायाचा आघात जमीन थोडा झेलून घेते. सिमेंटची फरशी काहीच झेलीत नाही. सगळा आघात गुडघ्यास परत देते. कुस्तीच्या हौद्यातील माती मऊ का राखतात, याचे उत्तर प्रत्येक वस्तादाला माहीत आहे. मात्र अशी जमीन एकट्या नर्तकाच्या खिशाला परवडत नाही. म्हणजे चांगली जमीन आणि चांगली नजर या दोन्ही गोष्टी वाटून घेतल्यावाचून मिळत नाहीत.

सामुदायिक शिक्षणाची ही इच्छा आपल्या देशातील नव्या नृत्याच्या जन्मापासूनच त्याच्या बरोबर आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस उदयशंकर यांनी हिमालयाच्या पायथ्याशी अल्मोडा येथे आपले संस्कृतिकेंद्र उभारले. तेथे शंकरन् नंबुद्री कथकळी शिकवीत, कंदप्प पिल्ले भरतनाट्यम्, अमोबी सिंग मणिपुरी. आणि संगीतासाठी साक्षात् अल्लाउद्दीनखाँ. चार दिशांचे चार आचार्य एका छपराखाली आले, आणि विद्यार्थ्याने चौघांकडूनही घेऊन स्वतःची भाषा घडवावी अशी अपेक्षा होती. १९४४ साली ते केंद्र बंद पडले. मात्र त्यातून बाहेर पडलेल्यांपैकी एक तरुण त्याच साली पुण्यास प्रभात चित्रसंस्थेत आला आणि १९४६ च्या ‘हम एक हैं’ या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शन त्याने केले. त्याचे नाव गुरुदत्त. त्याचा कॅमेरा गाण्यांतून कसा हलतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अल्मोड्याची तालीम कोठवर पोचली हे सांगावयास नको.

महाराष्ट्राच्या भूमीवरही असा प्रयत्न झाला. मॅडम मेनका या नावाने प्रसिद्ध असलेल्या लीला सोखी यांनी १९४१ साली खंडाळ्यास ‘नृत्यालयम्’ स्थापन केले. तेथेही कथक, कथकळी आणि मणिपुरी एकत्र शिकविण्याची योजना होती. याच मेनकांच्या मंडळीने १९३६ साली बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत पारितोषिके मिळविली होती. त्याच वर्षी आपल्या वऱ्हाडातील, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. आखाड्यातील शरीर आणि रंगमंचावरील शरीर एकाच वर्षी एकाच नगरीत जगापुढे उभे राहिले. परंतु घरी परतल्यावर त्या दोघांनी एकमेकांपासून काही शिकावे, हा विचार मात्र आपल्याकडे पुष्कळ उशिरा रुजला. महाराष्ट्रातच वाडा येथे जन्मलेल्या चंद्रलेखा यांनी १९८५ साली ‘अंगिक’ ही नृत्यरचना सादर केली. तीत योग, कलरिपयट्टू आणि भरतनाट्यम् हे तिन्ही शेजारी शेजारी उभे राहिले, तेव्हा कोठे त्या विचारास ठळक आकार आला.

तिसरा प्रयत्न मुंबईतील अंधेरीचा. भारतीय जननाट्य संघाचे मध्यवर्ती पथक तेथे १९४४ पासून एकत्र राहून काम करीत होते. अल्मोड्याहून आलेले शांती बर्धन नृत्याची बाजू सांभाळीत. पुढे रविशंकर संगीताची बाजू सांभाळू लागले. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली मुले आपापल्या गावचे नृत्य इतरांस शिकवीत आणि त्यांतून एक रचना तयार होई. हेही पथक काही वर्षांत विसर्जित झाले. पुढे क्षयाने पोखरलेल्या शरीराने शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ची स्थापना केली, माणसांना कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे नाचवून रामायण उभे केले, आणि १९५४ साली ते गेले.

श्रोतेहो, या तिन्ही संस्था थोर होत्या, आणि तिन्ही अल्पायुषी ठरल्या. कारणे निरनिराळी होती. परंतु एक गोष्ट समान दिसते. त्यांचा सारा भार एका व्यक्तीच्या किंवा एका देणगीच्या खांबावर होता. खांब हलला की छप्पर कोसळले. कोसळल्यानंतरही जे टिकले, ते विद्यार्थ्यांनी अंगात साठवून नेलेले ज्ञान. यावरून एक विचार सुचतो. मोठे छप्पर बांधण्याची ऐपत नसेल, तर निदान त्या ज्ञानाची देवघेव चालू ठेवण्याची व्यवस्था अशी करावी की जिला एकच खांब नाही.

परदेशातही नर्तकांना हाच विचार सुचला. न्यूयॉर्क येथे रॉबर्ट डन या संगीतज्ञाच्या नृत्यरचनेच्या वर्गात जमलेल्या तरुणांनी ६ जुलै १९६२ रोजी जडसन स्मारक चर्चमध्ये आपला पहिला कार्यक्रम केला. डन यांनी वर्ग थांबविल्यावर ही मंडळी पांगली नाहीत. ती दर आठवड्यास आपली आपणच जमू लागली. प्रत्येकाने आपली रचना दाखवावी आणि इतरांनी तिच्याविषयी बोलावे, असा क्रम पडला. त्यांच्यापैकीच स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ साली अशी एक नृत्यपद्धती मांडली की, जीत दोन माणसे एकमेकांच्या शरीराचा भार घेत, देत, घसरत, सावरत आयत्या वेळी नृत्य घडवितात. ती पद्धती पसरू लागली तशा दुखापतीही होऊ लागल्या. १९७५ साली या मंडळींपुढे प्रश्न आला की, नावाचा हक्क राखून ठेवावा आणि शिक्षकांना परवाने द्यावेत काय? त्यांनी तसे केले नाही. त्याऐवजी त्यांनी एक वार्तापत्र काढले: कोण कोठे शिकवितो, कोणास काय इजा झाली, ती कशी टाळावी, हे सर्वांनी सर्वांस लिहून कळवावे! पोलीस नेमण्यापेक्षा शेजार वाढविण्याचा हा मार्ग त्यांना अधिक सुरक्षित वाटला. ती पद्धती आज अनेक देशांत नाचली जाते, आणि तिचा कोणी मालक नाही.

हे सारे ऐकून कोणास वाटेल की, हे विचार आपणास बाहेरून आणावे लागतील. मला तसे वाटत नाही. आपल्या शेतकऱ्याने परस्परसाह्याचे तीन निरनिराळे प्रकार फार पूर्वीच ठरवून ठेवले आहेत आणि त्यांना नावेही दिली आहेत. एक इर्जिक, दुसरी सावड, तिसरा वारंगुळा. प्रांतपरत्वे शब्द कमीअधिक ऐकू येतात. परंतु रीत सर्वत्र ओळखीची आहे. इर्जिक म्हणजे एकाच्या शेतावर साऱ्या गावाने आपापले नांगर-बैल घेऊन जावे, एका दिवसात काम उरकावे, आणि यजमानाने जेवण द्यावे. सावड म्हणजे दोन लहान शेतकऱ्यांनी, प्रत्येकाजवळ एकच बैल असताना, जोडी जुळवून दोघांचीही शेते करावीत. वारंगुळा म्हणजे पाळीपाळीने मजुरी फेडणे: आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे.

नर्तकांच्या कामास हे तिन्ही प्रकार जसेच्या तसे लागू पडतात. एखाद्या नर्तकाला नवी रचना बसवावयाची आहे आणि त्याला पंधरा शरीरे हवी आहेत, परंतु पदरी पैसा नाही. तेथे इर्जिक घालावी. दोघांपैकी एकाला कथकाचे बोल येतात आणि दुसऱ्याला मलखांब येतो. त्यांनी सावड करावी. दहाजणांना रोजचा सराव हवा आहे, परंतु शिक्षक परवडत नाही. त्यांनी वारंगुळा धरावा, म्हणजे प्रत्येकाने दहा दिवसांतून एकदा शिकवावे आणि नऊ दिवस शिकावे. हिशेबच करावयाचा तर असे समजू की, एखाद्या दालनाचे दोन तासांचे भाडे आठशे रुपये आहे. एकट्याला ते रोज देणे अशक्य; दहाजणांत ते प्रत्येकी ऐंशी रुपयांवर येते. भाडे वाटले की ते कमी होते. विद्या वाटली की ती प्रत्येकाजवळ पूर्ण राहते, शिवाय शिकविणाऱ्याजवळ थोडी वाढते. कारण जे आपण नकळत करीत होतो, ते दुसऱ्यास सांगताना प्रथमच आपल्या ध्यानात येते.

येथवर सारे गोड झाले. आता थोडे कडू बोलले पाहिजे, कारण सहकार्य या शब्दाच्या आड पुष्कळ अन्याय लपतात.

पहिला अन्याय मजुरीचा. इर्जिकीत यजमान जेवण घालतो आणि पुढच्या पाळीस स्वतः राबावयास जातो. जो बोलावतो, राबवून घेतो, आणि रचना विकून पैसे मिळाले म्हणजे एकटाच खिशात घालतो, त्याने इर्जिक घातली नाही. त्याने वेठ घेतली. म्हणून नियम साधा असावा. जेथे कोणासच पैसा मिळत नाही, तेथे श्रमाची फेड श्रमाने करावी. ज्या क्षणी पैसा आला, त्या क्षणी तो साऱ्यांत वाटला पाहिजे.

दुसरा अन्याय नावाचा, आणि झाडीपट्टीच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा. शहरातील नर्तक खेड्यात येतो, चार दिवस राहतो, दंडारीचे पाऊल उचलतो, गोंडांच्या रेल्याची हातांत हात गुंफलेली रांग पाहून जातो. आणि सहा महिन्यांनी मोठ्या रंगमंचावर तेच पाऊल ‘नवनिर्मिती’ म्हणून उभे राहते. कार्यक्रमपत्रिकेत दिवे कोणी लावले त्याचे नाव असते. पाऊल कोणी शिकविले त्याचे नसते. सावडीत बैल घेऊन गेलेला शेजारी परत न आला, तर त्याला आपण काय म्हणतो? येथेही तोच शब्द वापरण्यास संकोच नसावा. ज्या गावात शिकला त्या गावाचे नाव, ज्या माणसाकडून शिकला त्या माणसाचे नाव त्याच्या संमतीने छापणे, आणि तयार झालेला प्रयोग प्रथम त्याच गावात करून दाखविणे, एवढे ऋण तरी प्रत्येक कलावंताने मानावे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, परंतु कुटुंबवत्सल श्रोत्यांपुढे ती बोललीच पाहिजे. या नृत्यात स्पर्श आहे, एकमेकांचा भार घेणे आहे. आपल्या मुलीस किंवा मुलास अशा शिबिरास पाठविताना आईबापांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे, आणि त्या शंकेस हसून टाळणे हा उद्धटपणा होय. सरावाच्या आरंभीच प्रत्येकाने आपणास काय चालेल आणि काय चालणार नाही ते सांगावे. ‘नको’ या शब्दास कारण विचारू नये. आणि शिकविणारा कितीही थोर असला तरी हा नियम त्यासही लागू असावा. गुरूच्या धाकात जे गप्प बसून सोसले जाते, ते समवयस्कांच्या वर्तुळात बोलून दाखविणे सोपे जाते, आणि सामुदायिक तालमीचा हा एक मोठा लाभ आहे.

चौथा आक्षेप कलेच्या बाजूचा. सारेच शिकविणार आणि सारेच शिकणार, तर वस्ताद कोण? साधारणपणाच साधारणपणास शिकवीत बसेल आणि त्यास कोणी जागे करणार नाही, अशी भीती काही जाणकार बोलून दाखवितात. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय असा की, वारंगुळा रोजचा असावा, परंतु वर्षातून एकदोनदा तरी खऱ्या जाणत्याला मानाने आणि मोबदला देऊन बोलवावे. १९८४ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात पूर्व आणि पश्चिम येथील नर्तकांचे जे संमेलन झाले, त्याचा परिणाम नंतर कित्येक वर्षे टिकला. तेथे कलावंतांनी कलावंतांपुढे नाचावे आणि मग बोलावे, अशी योजना होती. त्या संमेलनात भाग घेणाऱ्या अस्ताद देबू यांनी पुढे मूकबधिर तरुणांबरोबर आणि मणिपूरच्या मृदंगवादकांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. १० डिसेंबर २०२० रोजी ते गेले. कोणत्याही घराण्याचा आधार नसताना आयुष्यभर एकाकी चाललेला हा नर्तकही दुसऱ्यांना शिकविता शिकविताच श्रीमंत झाला होता. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले, तेही याच वाटेवरचे. जाणता माणूस आपली विद्या जितक्या अनपेक्षित घरी नेईल, तितकी ती ताजी राहते.

आता आसगावाकडे परत येऊ. चौरास भागाचे वर्ष धानाच्या तालावर चालते. आषाढ-श्रावणात रोवणी होते. चिखलात कमरेतून वाकून, गाण्याच्या लयीत मागे मागे सरकत जाणाऱ्या स्त्रियांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला सामुदायिक नृत्य कशास म्हणतात हे वेगळे सांगावे लागत नाही. रोवणी संपून पोळा झाला, की कापणीपर्यंत हातास थोडी उसंत मिळते; आणि नाटकांचा हंगाम तर दिवाळीनंतरचा. भाद्रपद आणि आश्विन हे दोन महिने म्हणजे तालमीसाठी निसर्गानेच मोकळे ठेवलेले दालन आहे. या काळात झाडीपट्टीतील हंगामी नर्तक, गावातील दंडारीचे जुने जाणते आणि नागपुराकडील दोनचार समकालीन नर्तक यांनी पंधरा दिवस एकत्र सराव करावा. सकाळी शरीराची मशागत, दुपारी विश्रांती आणि बोलणे, रात्री गावकऱ्यांपुढे पाऊल. भातशेतीच्या गावात ताडपत्री आणि सपाट, सारवलेले खळे यांची वाण नाही. उड्या मारण्यास ती जमीन सिमेंटच्या मंगल कार्यालयापेक्षा कितीतरी दयाळू. जेवण गावाचे, शिकवणी एकमेकांची, आणि शेवटच्या रात्री गावासाठी खेळ. खर्च फारसा नाही. हवा आहे तो विश्वास.

यात लाभ कोणाचा? हंगामी नर्तकाचा, कारण पुढील चार महिने रात्रीमागून रात्री नाचावयाचे असता शरीर मोडू न देण्याची विद्या त्याला मिळेल. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सारे रंगमंच एका रात्रीत बंद झाले, तेव्हा हातावर पोट असलेल्या या कलावंतांना आपण किती एकटे आहोत हे कळले. ज्यांची एकमेकांशी ओळख होती, त्यांनी एकमेकांना सावरले. ज्यांची नव्हती, ते मुकाट्याने दुसऱ्या धंद्यास लागले. लाभ शहरातील नर्तकाचाही, कारण आरशापुढे गोठलेली त्याची हालचाल पुन्हा कामाच्या, चिखलाच्या, ओझ्याच्या शरीराशी बोलू लागेल. आणि लाभ गावाचा, कारण दंडारीचे जे पाऊल म्हाताऱ्यांबरोबर जावयाचे, ते एखाद्या सतरा वर्षांच्या पोरीच्या पायात उतरेल.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजातील जाणत्यांनी बांधलेले ते जुने तलाव आजही धान पिकवितात. ज्यांची शेते तलावाखाली भिजत, त्यांनी पाळीने गाळ काढावा आणि पाळ दुरुस्त करावी, अशी व्यवस्था असे. मालगुजारी गेली आणि १९५० नंतर तलाव सरकारजमा झाले. मग गाळ काढणे हे कोणा एकाचे काम राहिले नाही, आणि पुष्कळ तलाव हळूहळू उथळ झाले. पाणी आकाशातून येते. परंतु ते साठेल की वाहून जाईल, हे पाळ सांभाळणाऱ्या हातांवर अवलंबून असते. कलेची देणगीही कोणाच्या घरी जन्मेल हे आपल्या हाती नाही. आसगावच्या एखाद्या घरात ती जन्मली, तर तिला साठून राहण्यास पाळ आहे की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

म्हणून श्रोतेहो, आपल्या गावात किंवा आपल्या गल्लीत चार तरुण मुले एखादी मोकळी खोली मागावयास आली, आणि ‘आम्हांस एकत्र सराव करावयाचा आहे’ असे म्हणाली, तर तिची किल्ली देण्यापूर्वी फार प्रश्न विचारू नका. झाडून घेण्याची अट घाला, वेळेवर दिवा मालविण्याची अट घाला, आणि महिन्यातून एकदा आपणासही पाहावयास बोलवावे, अशी तिसरी अट आठवणीने घाला. या तिसऱ्या अटीचा लाभ त्यांना होईलच. आपणासही तो थोडा होईल.